वॉशिंग्टनच्या स्तंभाखालची माती

जॉर्ज वॉशिंग्टन यांचा अश्वारूढ पुतळा उभारायचा ठराव अमेरिकेच्या काँग्रेसने १७८३ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. पुढे १८३३ मध्ये राजधानीतल्या काही नागरिकांनी सोसायटी काढून वर्गणी सुरू केली आणि सुरुवातीला माणशी वर्षाला एका डॉलरची मर्यादा घातली. प्रत्येकाला हातभार लावता यावा, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पैसा मात्र हळूहळूच जमला.

रॉबर्ट मिल्स यांनी आखला होता सहाशे फुटी स्तंभ आणि त्याच्या पायथ्याशी भव्य खांबांचा मंडप. ४ जुलै १८४८ रोजी कोनशिला बसली. राज्यांनी, संस्थांनी आणि परदेशांनीही आतल्या भिंतींसाठी कोरीव शिळा पाठवल्या. पोप नववे पायस यांनी रोमच्या एका प्राचीन मंदिराचा संगमरवर पाठवला आणि तिथेच ठिणगी पडली. ६ मार्च १८५४ च्या रात्री काही जणांनी पहारेकऱ्याला त्याच्या खोपटात कोंडून ती शिळा पळवली. संशय गेला ‘नो-नथिंग’ या कॅथलिकविरोधी, स्थलांतरितविरोधी पक्षाच्या लोकांवर. पुढच्याच वर्षी या पक्षाने सोसायटीच ताब्यात घेतली. काँग्रेसची दोन लाख डॉलरची मदत बारगळली, देणग्या आटल्या. मग यादवी युद्ध आले. जेमतेम दीडशे फुटांवर अडलेल्या थोटक्या बांधकामाभोवती गुरे चरू लागली.

१८७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या शताब्दीला, काँग्रेसने पैसे मंजूर केले. काम आले लष्करी अभियंता थॉमस लिंकन केसी यांच्याकडे. माझ्या मते या स्मारकाचा खरा पराक्रम इथे, जमिनीखाली आहे. जुना पाया वरचे वजन पेलण्याजोगा नव्हता आणि त्यावर हजारो टनांचे बांधकाम आधीच उभे होते. ते न उतरवता केसींनी पायाखालची माती काढायला घेतली. समोरासमोरच्या बाजूंनी अरुंद पट्टे खणायचे, लगेच काँक्रीटने भरायचे, मगच पुढच्या पट्ट्याला हात लावायचा. एका बाजूला घाई झाली असती तर सगळा स्तंभ कलला असता. अशा रीतीने जुन्या पायाखाली साडेतेरा फूट जाडीचा काँक्रीटचा थर गेला. नो-नथिंगवाल्यांनी रचलेले निकृष्ट दगडांचे थर उतरवून ऑगस्ट १८८० मध्ये वरचे बांधकाम सुरू झाले. आधीच्यासारखा दगड मिळेना, म्हणून दीडशे फुटांच्या वर संगमरवराचा रंग बदललेला दिसतो.

मंडप रद्द झाला. इजिप्शियन ओबेलिस्कची मापे अभ्यासलेले जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी सुचवले, उंची पायथ्याच्या रुंदीच्या दसपट असावी. म्हणून उंची ५५५ फूट. टोकावर बसवला शंभर औंसांचा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड. तेव्हा हा धातू चांदीच्या तोडीचा महाग होता. बसवण्याआधी न्यूयॉर्कमध्ये टिफनीच्या दुकानात तो जमिनीवर मांडला गेला, तेव्हा लोक त्यावरून उडी मारून ‘वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावरून उडी मारली’ म्हणून मिरवत. ६ डिसेंबर १८८४ रोजी तो बसला. त्याच्या दक्षिण बाजूवर केसींचे नाव कोरले आहे. खालून ते कुणालाच वाचता येत नाही.

२०११ च्या भूकंपात माथ्याजवळचे दगड तडकले. अभियंत्यांनी दोरांवर लोंबकळत एकेक दगड तपासला आणि दुरुस्तीनंतर, मे २०१४ मध्ये, स्तंभ पुन्हा लोकांसाठी उघडला.