रोजनाम्यातले उमराव

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा जुना इतिहास आपल्याकडे तीन-चार धक्क्यांत आटोपतो. 1605 साली सभागृहाखालच्या तळघरात सापडलेली बंदुकीची दारू. 1649 साली राजाचा शिरच्छेद आणि दोन महिन्यांच्या आत या सभागृहाचीही बरखास्ती. 1660 साली दोन्ही संस्था परत. या तारखांच्या अधल्यामधल्या दिवशी उमराव तिथे जमून करत काय होते, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर सभागृहाच्या रोजनाम्यात आहे. 1510 पासूनचा हा रोजनामा सलग वाचायला बसलं तर झोप येते, हे कबूल. पण या सभागृहाचं वजन भाषणांपेक्षा त्या रूक्ष नोंदींतच जास्त होतं, असं माझं मत आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं कुठलंही पान घ्या. वर लॅटिनमध्ये वार आणि तारीख, मग हजर सभासदांच्या नावांचे रकाने. बिशप वेगळे, ड्यूक, अर्ल, बॅरन मानाप्रमाणे. सकाळी प्रार्थना झाली की कामाला सुरुवात. भिंतींवर स्पॅनिश आरमाराच्या पराभवाचे भरजरी पडदे, टोकाला सिंहासन आणि त्याच्यापुढे लॉर्ड चान्सेलरची लोकरीने भरलेली बैठक. जवळच तशाच बैठकांवर न्यायाधीश बसत. विचारल्यावर त्यांनी कायदा सांगायचा. मत द्यायचं नाही.

विधेयक वाचलं जायचं ते खरोखरच मोठ्याने. हाती लिहिलेली प्रत, तीही बहुधा एकच, त्यामुळे सभासदांना मजकूर कानांनीच कळणार. दुसऱ्या वाचनानंतर समिती, समितीच्या दुरुस्त्या झाल्या की चर्मपत्रावर पक्की प्रत, मग तिसरं वाचन. आपल्या विधान परिषदेत विधेयकाचं ‘वाचन’ होतं ते याच घराण्यातलं, फक्त आता प्रत्येकापुढे छापील प्रत असते. मंजूर विधेयकावर कारकून नॉर्मन फ्रेंचमध्ये शेरा मारायचा आणि ते खालच्या सभागृहाकडे, म्हणजे कॉमन्सकडे, जायचं. बाड नेण्याचं काम चान्सरी न्यायालयातले अधिकारी करत, विषय भारदस्त असला तर खुद्द न्यायाधीश. दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर पेंटेड चेंबर नावाच्या दालनात वाटाघाटी होत. तिथे उमराव टोपी घालून बसलेले आणि कॉमन्सचे प्रतिनिधी बोडक्या डोक्याने उभे. लोकशाहीचं माहेरघर वगैरे म्हणताना हे दृश्य डोळ्यांपुढे ठेवलेलं बरं.

शिस्तीचे नियम 1621 च्या सुमारास लेखी झाले. उभं राहून, टोपी काढून बोलायचं. अध्यक्षाला नव्हे, सगळ्या उमरावांना उद्देशून बोलायचं. दुसऱ्या सभासदाचं नाव घ्यायचं नाही. गैरहजर उमरावाला आपलं मत दुसऱ्याच्या हाती मुखत्यारपत्राने सोपवता येई. राजाचा लाडका ड्यूक ऑफ बकिंगहॅम अशी मुखत्यारपत्रं गठ्ठ्याने खिशात बाळगू लागला, तेव्हा 1626 साली ठराव झाला की एकाजवळ दोनपेक्षा जास्त नकोत. शिस्त मात्र कागदावरच राही. 1666 च्या डिसेंबरात याच बकिंगहॅमचा मुलगा आणि मार्क्विस ऑफ डॉर्चेस्टर पेंटेड चेंबरमध्ये जागेवरून हातघाईवर आले. एकाचा टोप गेला, दुसऱ्याचे खरे केस उपटले गेले, आणि दोघांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत झाली.

मतदानात सर्वांत कनिष्ठ बॅरनला आधी विचारत आणि मग वर सरकत. थोरल्यांचं तोंड बघून धाकट्याने मत बनवू नये, ही त्यातली सोय मला फार शहाणपणाची वाटते. मतं समसमान पडली तर नकार जिंके. चुरस असली की दोन्ही बाजूंचे मोजणीदार नेमत. 1679 साली हेबिअस कॉर्पसच्या कायद्यावर शेवटच्या दिवशी 57 विरुद्ध 55 अशी मतं नोंदली गेली. हजेरीच्या यादीत मात्र नावं 107. बिशप बर्नेटने याची गोष्ट सांगितली आहे: लॉर्ड ग्रे नावाच्या मोजणीदाराने एका अगडबंब उमरावाला थट्टेने दहा धरलं आणि समोरच्या बेसावध मोजणीदाराच्या ते लक्षातच आलं नाही. गोष्ट खरी की रचलेली, हे बाजूला ठेवू. बेरीज जुळत नाही हे कागदावर आहे. विनाचौकशी कैदेविरुद्धचा इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला कायदा त्याच दिवशी राजसंमती घेऊन बाहेर पडला.

असे दिवस विरळा. रोजचा धंदा होता खासगी विधेयकांचा. पिढीजात बंधनात अडकलेली जमीन कर्ज फेडण्यासाठी विकायची आहे, लहान मुलाच्या नावच्या इस्टेटीचा पट्टा द्यायचा आहे, परदेशी व्यापाऱ्याला इंग्लंडचा प्रजाजन व्हायचं आहे: प्रत्येकासाठी वेगळा कायदा. नागरिकत्व मागणाऱ्याला आधी चर्चचा प्रसाद घेऊन शपथ वाहावी लागे. अर्जदाराकडून लॉर्ड चान्सेलरपासून कारकुनापर्यंत सगळ्यांना ठरलेली फी. कारकुनाचं पोट पगारापेक्षा या फीवर भरत असल्यामुळे असली विधेयकं धूळ खात पडू नयेत याची काळजी तोच घेत असणार.

या खासगी विधेयकांपैकी एकाला राजा स्वतः येऊन बसला. 1670 साली लॉर्ड रूस याने पत्नीशी फारकत घेऊन पुन्हा लग्न करण्याची परवानगी कायद्याने मागितली. दुसरा चार्ल्स चर्चा ऐकायला येऊ लागला आणि नाटकापेक्षा इथे जास्त मजा येते, असं म्हणाला. दरबारात कुजबुज वेगळीच होती: उमरावाला जमलं तर राजालाही जमेल, आणि अपत्य नसलेल्या राणीपासून तो मोकळा होईल. ही राणी म्हणजे पोर्तुगालची कॅथरिन, जिच्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या पदरात पडली. रूसचं विधेयक मंजूर झालं. राजाने मात्र राणी सोडली नाही.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 27 मार्च 1668 रोजी चार्ल्सने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंडांच्या खंडाने दिली. त्यासाठी विधेयक नाही, वाचन नाही; राजाची सनद पुरेशी होती. त्याच वसंतात उमराव मात्र त्याच कंपनीला फैलावर घेत होते. टॉमस स्किनर या व्यापाऱ्याचं म्हणणं असं, की सुमात्राकडे कंपनीने आपलं जहाज, माल, घर आणि जांबीच्या राजाकडून मिळवलेलं एक बेटही बळकावलं. घर-बेट परमुलखात, त्यामुळे त्याबाबत इंग्लंडच्या न्यायालयांत दाद नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. राजाने प्रकरण लॉर्ड्सकडे धाडलं आणि त्यांनी स्किनरला 5,000 पौंडांची भरपाई ठरवली.

कंपनी कॉमन्सकडे धावली. खालच्या न्यायालयाचा निकाल नसताना लॉर्ड्सनी थेट दावा ऐकणं बेकायदा, असं कॉमन्सचं म्हणणं. कंपनीचा उपगव्हर्नर सर सॅम्युअल बर्नार्डिस्टन याला लॉर्ड्सनी 300 पौंडांचा दंड ठोठावून ब्लॅक रॉड या आपल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलं. कॉमन्सनी स्किनरला अटक करवली. भांडण इतकं चिघळलं की दुसरं कामच अडलं. शेवटी फेब्रुवारी 1670 मध्ये राजाने दोन्ही सभागृहांना बोलावून सुचवलं, की या प्रकरणाच्या नोंदी दोघांनीही आपापल्या दप्तरातून खोडून टाकाव्यात. खोडल्या गेल्या. एरवी दमडीच्या अर्जाचीही नोंद ठेवणाऱ्या सभागृहाला स्वतःचाच निकाल पुसावा लागला.

त्यानंतर लॉर्ड्सनी पहिल्या पायरीवरचे दिवाणी दावे ऐकले नाहीत. अपिलांचा हक्क मात्र 1675 च्या आणखी एका भांडणातून त्यांनी टिकवला आणि तो 2009 पर्यंत चालला. मुंबईची अपिलं पुढे लंडनला गेली ती या सभागृहाकडे नव्हे. ती प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ज्या राजाच्या सनदेने शहर कंपनीला मिळालं, त्याच्याच सल्लागार मंडळाकडे.