खडकी – पहा : औरंगाबाद

पुस्तकाच्या आरंभी अनुक्रमणिका असते आणि शेवटी सूची. दोन्हींत पृष्ठांकच दिलेले असतात, तरी त्यांचे काम वेगळे आहे. अनुक्रमणिका लेखकाच्या मांडणीने पुढे जाते. सूची वाचकाच्या मनातला शब्द घेऊन त्याला नेमक्या पानावर पोहोचवते. ग्रंथालयशास्त्रात या दुसऱ्या कामाला निर्देशन म्हणतात. ते एका पुस्तकापुरते न राहता हजारो पुस्तके, नियतकालिके आणि प्रबंध यांच्यासाठी केले जाते, तेव्हा त्यातून माहितीच्या शोधाचे शास्त्र उभे राहते.

त्यातल्या संज्ञा एका उदाहरणातून चांगल्या कळतील. छत्रपती संभाजीनगरमध्ये उस्मानपुऱ्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला मलिक अंबराच्या नहर-ए-अंबरीवर प्रकल्प करायचा आहे, असे धरू. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी ही योजना सतराव्या शतकातली. तिच्यावरचे लेखन इतिहास, स्थापत्य, भूगोल अशा अनेक कप्प्यांत विखुरलेले असते. वर्गीकरणाने पुस्तकाला कपाटात एकच जागा मिळते. विषय मात्र अनेक असू शकतात, म्हणून प्रत्येक विषयासाठी सूचीत वेगळी नोंद करावी लागते. ज्या शब्दाखाली ती होते तो शीर्षशब्द.

शीर्षशब्द कोणता धरायचा, हा निर्देशनातला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा निर्णय. या शहराचेच पाहा. मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी येथे ते वसवले. त्याचा मुलगा फतेहखान याच्या नावावरून ते फतेहनगर झाले, 1653 मध्ये औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. एकाच जागेवरचे लेखन चार नावांखाली पसरले आहे. म्हणून ग्रंथपाल एक नाव प्रमाण ठरवतो, सगळ्या नोंदी त्याखाली आणतो आणि उरलेल्या नावांपाशी ‘पहा’ अशी पाटी लावतो. मासिकातील एका लेखाचा लेखक वि. वा. शिरवाडकर आणि कवितेचा कवी कुसुमाग्रज, हे एकच हेही याच पद्धतीने कळते. हे सारे ठरवून लिहिलेले शब्दभांडार म्हणजे नियंत्रित शब्दावली.

नावे अनेक आणि वस्तू एक, ही अडचण ‘पहा’ने सुटते. नाव एक आणि वस्तू दोन असल्या तर कंसाचा आधार घ्यावा लागतो. खडकी पुण्यातही आहे, तेव्हा ‘खडकी (पुणे)’ असे लिहिल्याशिवाय गोंधळ टळत नाही. ‘हेही पहा’ ही पाटी मात्र वेगळी. नहर-ए-अंबरीपाशी उभ्या असलेल्या वाचकाला ती पाणचक्कीकडे जाण्याची वाट दाखवते. विषय वेगळे, पण एकाच जलव्यवस्थेच्या अभ्यासातले. व्यापक, संकुचित आणि संबंधित अशी शब्दांची नाती नोंदवणाऱ्या कोशाला थिसॉरस म्हणतात. त्यात पाणीपुरवठा हा व्यापक शब्द, नहर हा संकुचित.

यांतली व्यापक-संकुचित नाती वर्गांकातूनच, म्हणजे वर्गीकरणाने पुस्तकाला दिलेल्या क्रमांकातूनच, काढता येतात, हे एस. आर. रंगनाथन यांनी दाखवले. 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणाचे जनक म्हणून ते परिचित आहेत. त्यांची शृंखला निर्देशन पद्धतीही तितकीच मोठी. वर्गांकातील प्रत्येक कडी, म्हणजे अभियांत्रिकी, पाणीपुरवठा, नहर, उलट्या क्रमाने सुटी करून तिची नोंद केली की वाचक कुठल्याही कडीपासून आत शिरू शकतो. पुढे अमेरिकेत आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी लेखांच्या शीर्षकांतले महत्त्वाचे शब्द यंत्राकडून वर्णानुक्रमे लावून घेतले. ‘आणि’, ‘मध्ये’ यांसारखे बिनकामाचे शब्द त्यात वगळले जात. विज्ञानाच्या लेखांना ही युक्ती फार उपयोगी पडली. मराठी लेखांची शीर्षके पुष्कळदा ललित वळणाची असतात. नहरीवरच्या लेखाला ‘दगडाखालचा झरा’ असे नाव असेल, तर यंत्राला त्यात नहर कशी दिसणार? तिथे लेख वाचून शीर्षशब्द देणारा माणूसच लागतो.

लेख सापडला तरी तो पूर्ण वाचण्याजोगा आहे का, हे गोषवाऱ्यावरून ठरते. हिशेबाच्या आणि महसुलाच्या कागदांतला हा जुना शब्द या कामाला चपखल बसतो. गोषवाऱ्याचे मुख्य प्रकार दोन. ‘या लेखात नहरीची रचना व सद्यःस्थिती यांचा विचार केला आहे’ एवढेच सांगतो तो सूचक. लेखकाने काय मोजले, कसे मोजले आणि काय आढळले हे सांगतो तो माहितीपर. विद्यार्थ्याला दुसराच हवा असतो. प्रबंधाच्या आरंभी पहिल्या प्रकारचा गोषवारा देऊन वेळ मारून नेणे हा वाचकावर अन्याय आहे.

संगणकावरच्या शोधाचे मोजमाप दोन गोष्टींनी होते. ग्रंथालयात उपयोगाचे 20 लेख आहेत, शोधातून 30 लेख आले आणि त्यांतले 12 कामाचे निघाले, असे समजा. 20 पैकी 12 हाती लागले, म्हणजे रिकॉल 60 टक्के. आलेल्या 30 पैकी 12 योग्य, म्हणजे नेमकेपणा 40 टक्के. जाळे रुंद केले की सहसा पहिला आकडा वाढतो आणि दुसरा घसरतो. ‘उस्मान’ एवढाच शब्द देऊन पुढचा भाग मोकळा ठेवला तर उस्मानपुऱ्याबरोबर उस्मानाबाद, उस्मानिया विद्यापीठ आणि मीर उस्मान अली खान हेही येतात. मराठीत शब्द प्रत्ययापूर्वी रूप बदलतो, हीही अडचण. ‘पाणी’ टाइप केले तर ‘पाण्याचा’ निसटतो. ‘पाण’ टाइप केले तर पाणिनीही येतो. ‘नहर’ आणि ‘अंबर’ दोन्ही हवेत, ‘नहर’ किंवा ‘कालवा’ चालेल, ‘पुणे’ नको, अशी आणि-किंवा-नको यांची जोडणी करून शोध आवळता किंवा सैल करता येतो. शब्दरूपांच्या अडचणीत ऱ्हस्व-दीर्घाची भर पडते. जुन्या छपाईत ‘सूचि’ आहे, आजच्या लेखनात ‘सूची’. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

मराठीत निर्देशनाचे काम यंत्राची वाट न पाहता झाले आहे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली आणि दुसऱ्या भागात ती 1950 पर्यंत आणली. त्यानंतर दाते, काळे आणि बर्वे यांच्या नावाने ओळखली जाणारी मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली. तिच्यामुळे 1800 ते 1950 या दीडशे वर्षांतल्या मासिकांमधले लेख विषयवार सापडू लागले. मराठी संशोधनावर या माणसांचे जेवढे ऋण आहे, तेवढे फार थोड्या ग्रंथकारांचे असेल.

ती सूची 1950 शी थांबते. त्यानंतरच्या लेखांपर्यंत वाचकाला पोहोचता यावे यासाठी प्रत्येक मराठी नियतकालिकाने वर्षाच्या शेवटच्या अंकात लेखकांची एक आणि विषयांची एक, अशा दोन सूच्या जरूर छापाव्यात.