पाण्यावरून उडणारें लढाऊ जेट विमान

संगणकावर खेळावयाचे विमानयुद्धाचे खेळ आतां पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले आहेत. अशा खेळांत अमुक विमान घालावें, अशा सूचना खेळणारे लोक निर्मात्यांकडे पाठवीत असतात. बहुतेकांची दृष्टि नामांकित विमानांवर असते; परंतु कांहीं जिज्ञासु मुलें केवळ नमुना म्हणून बांधलेल्या, रणांगण कधींही न पाहिलेल्या विमानांचा शोध घेतात. हा छंद वायां जाणारा आहे असें पालकांस वाटण्याचा संभव आहे. तो ज्ञानदायक कसा करतां येईल, हें एका विमानाच्या उदाहरणानें पाहूं.

त्या विमानाचें नांव सॉन्डर्स-रो एस.आर.ए./१. इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट नांवाचें बेट आहे; तेथील काउझ या गांवीं हें तयार झालें. १९४४ सालीं पॅसिफिक महासागरांत जपानशीं युद्ध चालू होतें. तेथील लहान लहान बेटांवर धावपट्ट्या बांधण्यास वेळ व श्रम फार लागत. मग शांत पाण्याचीच धावपट्टी कां करूं नये, असा विचार पुढें आला, आणि ब्रिटिश सरकारनें तीन नमुना विमानें बांधण्यास सांगितलें.

पाण्यावरून उडणारीं विमानें त्यापूर्वींही होतीं. परंतु त्यांचे फिरते पंखे पाण्याच्या तुषारांपासून दूर ठेवावे लागत. त्यामुळें त्यांचा सांगाडा उंच व अवजड होई. जेट इंजिनास असा पंखा लागत नाहीं. त्यामुळें या विमानाचा नौकेसारखा तळ बराच उथळ ठेवतां आला. हवा आंत घेण्याचें तोंड विमानाच्या नाकावर होतें, आणि पाणी आंत शिरूं नये म्हणून तें पुढें सरकवितां येई. पाण्यावर तोल राखण्यासाठीं पंखांखालीं दोन तरंगते आधार होते. उड्डाणानंतर ते वर दुमडून घेतले जात. नाकांत २० मिलिमीटरच्या चार तोफा बसविण्याची योजना होती. संकटसमयीं वैमानिकास बाहेर फेकणारें आसन हें त्या काळीं नवलाचें साधनही त्यांत होतें.

१६ जुलै १९४७ रोजीं जेफ्री टायसन या वैमानिकानें पहिल्या नमुन्याचें उड्डाण केलें. पाण्यावरून उडणारें जगांतील हें पहिलें जेट विमान होय. त्याचा कमाल वेग ताशीं सुमारें ८२४ किलोमीटर होता. परंतु ज्या युद्धासाठीं त्याची योजना झाली तें १९४५ च्या ऑगस्टमध्यें संपून गेलें होतें. शिवाय, जमिनीवरून उडणारें ग्लॉस्टर मीटिऑर विमान याच सुमारास ताशीं ९०० किलोमीटरांच्या वर जात होतें. पाण्यावर तरंगण्यासाठीं जो तळ अवश्य होता, तोच हवेंत ओझें होऊन बसला. पाण्यानें एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें.

१९४९ सालीं दोन नमुने नष्ट झाले. ऑगस्टमध्यें एरिक ब्राउन हे नामांकित वैमानिक पाण्यावर उतरत असतां विमान तरंगत्या वस्तूवर आदळून बुडालें. सुदैवानें ते वांचले. पुढच्याच महिन्यांत दुसऱ्या विमानाच्या अपघातांत मात्र वैमानिकास प्राणांस मुकावें लागलें. १९५० सालीं कोरियांत युद्ध पेटल्यावर या कल्पनेचा थोडा पुनर्विचार झाला, पण तोंपर्यंत काळ पुढें गेला होता. उरलेला पहिला नमुना साउदॅम्प्टन येथील संग्रहालयांत आहे.

आतां खेळाविषयींची सूचना. हें विमान खेळांत अवश्य घ्यावें. परंतु तें जसें होतें तसेंच घ्यावें. आवडत्या विमानाचे आंकडे फुगवून सांगण्याचा मोह पुष्कळांस होतो. वेग थोडा वाढविला, वजन थोडें कमी केलें, कीं तें अजिंक्य दिसूं लागतें; पण मग तें एस.आर.ए./१ राहत नाहीं, केवळ त्याचें नांव राहतें. म्हणून त्याचा वेग खरा ठेवावा. त्यास बेटांचा आणि खाऱ्या सरोवरांचा प्रदेश द्यावा. लाटा उसळल्या असतां उड्डाण अवघड व्हावें, आणि पाण्यांत कोठें तरी तरंगता ओंडकाही असावा. तें प्रत्यक्ष कधीं लढलें नाहीं, ही गोष्ट खेळणाऱ्यास आरंभींच स्पष्ट सांगावी. असें केल्यास खेळणारा मुलगा चार वेळां हरेल, आणि मोठमोठ्या तज्ज्ञांनीं हें विमान कां नाकारलें, हें त्यास आपोआप समजेल. कोरड्या पुस्तकांतून जें ध्यानांत येण्यास कठीण, तें त्यास अनुभवानें कळेल.

विद्यार्थिमित्रहो, सूचना करणारा हा एक प्रकारें साक्षीदारच असतो. ज्यांनीं तें यंत्र कल्पिलें, ज्यांनीं तें घडविलें आणि ज्या वैमानिकानें त्यापायीं देह ठेविला, त्यांच्याविषयीं तो साक्ष देत असतो. तेव्हां कोणतेंही यंत्र सुचविण्यापूर्वीं त्याचे गुण जितक्या आवडीनें शोधाल, तितक्याच आस्थेनें त्याचे दोषही शोधा, आणि दोन्ही शेजारीं शेजारीं लिहा. पालकांसही विनंति कीं, मुलगा अशा खेळांत रमलेला दिसला तर त्याजवर एकदम रागावूं नये, "हें विमान कां बरें मागें पडलें?" एवढेंच त्यास विचारावें. उत्तर शोधण्यासाठीं त्यास इतिहास, भूगोल आणि पदार्थविज्ञान हीं तिन्ही पुस्तकें उघडावीं लागतील.