आकाशातील घड्याळे

इ. स. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला कुलाब्याच्या टोकावर एक वेधशाळा उभारली. पुढे भूचुंबकीय निरीक्षणांसाठी तिची कीर्ती झाली. पण आरंभी तिच्याकडे सोपविलेले एक काम अगदी व्यवहारातले होते. बंदरात नांगर टाकणाऱ्या जहाजांना अचूक वेळ सांगणे, हे ते काम. वाचकांना सहज वाटेल की, भर समुद्रातल्या माणसाला हवे असते ते स्थान. वेळ घेऊन तो काय करणार?

परंतु स्थान आणि वेळ या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. तेव्हा आपल्या मूळ बंदरातील वेळ नेमकी किती आणि डोक्यावरचा सूर्य काय सांगतो, यांतील अंतरावरून आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती सरकलो हे कळते. घड्याळ अवघे चार सेकंद चुकले, तर विषुववृत्तावर जहाजाचे अनुमान जवळजवळ दोन किलोमीटरांनी चुकते. रात्रीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याजवळ हे अंतर थोडेथोडके नव्हे. म्हणूनच योग्य वेळ पुरविणे ही सरकारची जबाबदारी मानली गेली.

आज आपल्या खिशातील फोन आपल्याला गल्लीबोळ दाखवितो, तोही याच तत्त्वावर. फरक एवढाच की, आता घड्याळे आकाशात आहेत. उपग्रह आपली वेळ आणि आपले ठिकाण सतत सांगत असतो. तो संदेश फोनपर्यंत पोहोचायला जो विलंब लागतो, त्यावरून त्या उपग्रहाचे अंतर निघते. असे तीन उपग्रह मिळाले म्हणजे स्थान निश्चित व्हावे. पण फोनमधील घड्याळ स्वस्तातले, त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. चाराहून कमी असतील तर गणित सुटत नाही. ही चाराची संख्या आपण ध्यानात ठेवावी. आणि अचूकता किती हवी म्हणाल, तर रेडिओलहर सेकंदाच्या दशलक्षांशात तीनशे मीटर जाते. म्हणजे घड्याळ एवढ्या अल्पांशाने चुकले तरी आपण शेजारच्या आळीत जाऊन पोहोचतो! यासाठी उपग्रहांत रुबिडियम किंवा सिझियम या धातूंच्या अणूंच्या स्पंदनांवर चालणारी घड्याळे बसवितात.

आता प्रश्न असा की, ही घड्याळे कोणाची? जगभर वापरली जाणारी जीपीएस ही व्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैन्यासाठी उभारली. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे दगावली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही व्यवस्था पूर्ण झाल्यावर नागरी वाहतुकीस विनामूल्य खुली करण्याचे जाहीर केले. ही उदारता खरी. परंतु नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पुढे हेतुपुरस्सर चूक मिसळली जात होती, आणि त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. मे २००० च्या प्रारंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ थांबली. त्याच वेळी हेही सांगण्यात आले की, राष्ट्रीय सुरक्षेस धोका असल्यास एखाद्या विशिष्ट प्रदेशापुरते संकेत रोखण्याचे सामर्थ्य अमेरिकेपाशी आहे. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी गोड असले, तरी दोर त्याच्या हाती असतो.

२००६ साली भारत सरकारने स्वतःची व्यवस्था उभारण्यास मंजुरी दिली. साऱ्या जगाला पुरेल एवढा पसारा न मांडता भारतभूमी आणि तिच्या सीमेपलीकडील सुमारे १,५०० किलोमीटरांचा टापू एवढेच क्षेत्र ठरविले. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. कारण त्यामुळे सात उपग्रहांत काम भागणार होते. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून उडाला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. त्या दिवशी पंतप्रधानांनी या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांची ही जुळणी खरी, पण मराठी कानाला ती आपलीच वाटते. सरकारी धोरणाचा २०२१ चा मसुदा पाहिला, तर त्यात सर्वसामान्यांसाठी विनामूल्य व अखंड सेवा आणि संरक्षणादी कामांसाठी वेगळी सुरक्षित सेवा, असा दुहेरी विचार दिसतो. व्यापारी वाहनांवर बसविण्याच्या मागोवा-यंत्रांत ‘नाविक’चे संकेत घेण्याची सोय २०१९ पासून आवश्यक करण्यात आली.

स्थानाबरोबर वेळेचेही धोरण आले. मुंबईकर वाचकांना या बाबतीत थोडा इतिहास आहे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला ८२॥ अंश रेखांशाची वेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे होती. शहराने नवी वेळ मनापासून स्वीकारली नाही. गिरणी-कामगारांनी विरोध केला, नगरपालिकेने जुनीच वेळ चालू ठेवली आणि ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून राहिला. एकोणचाळीस मिनिटांच्या घोटाळ्यात तेव्हा फार तर गाडी चुकत असे. आजचे व्यवहार सेकंदाच्या अंशावर चालतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाला, तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. अशा वेळी कोणत्या उपकेंद्रातील जोडणी आधी तुटली आणि कोणती मागून, हे ठरविल्याखेरीज कारण सापडत नाही. आणि उपकेंद्रांची घड्याळे आपसात जुळत नसतील, तर ठरवायचे कसे?

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. तिची अणुघड्याळे हीच आपली खरी घड्याळे. बाकी सर्व त्यांच्या नकला. ही वेळ देशभर पोहोचविण्यासाठी अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील वैधमापन प्रयोगशाळांची योजना आहे. व्यापारी, शासकीय व कायदेशीर कामांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी, अशा नियमांचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. शेर आणि वार जाऊन किलो आणि मीटर आले, त्या वेळी जे वजनमापांचे झाले तेच आता वेळेचे होऊ घातले आहे.

हे सर्व वाचून आपले समाधान होत असेल, तर आता उणी बाजूही ऐकावी. आरंभीच्या उपग्रहांतील अणुघड्याळे परदेशातून आणलेली होती. २०१६ साली पहिल्याच उपग्रहावरील तिन्ही घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठविलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी अग्निबाणाच्या टोकावरील कवच न उघडल्यामुळे आतच अडकून राहिला. एप्रिल २०१८ मध्ये पुढचा सुखरूप पोहोचला. २९ मे २०२३ रोजी दुसऱ्या पिढीतील पहिला उपग्रह उडाला, तो अहमदाबादच्या अवकाश-केंद्रात सिद्ध झालेले रुबिडियमचे घड्याळ घेऊन. येथे शास्त्रज्ञांनी आपल्या चुकीचे उत्तर स्वतःच्या हातांनी घडविले, असे म्हणता येईल. मात्र जानेवारी २०२५ मधील त्यापुढचा उपग्रह झडपा न उघडल्याने ठरलेल्या कक्षेपर्यंत चढू शकला नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत जो हिशेब दिला, तो असा: सोडलेले उपग्रह अकरा, त्यांपैकी स्थान सांगणारे चार, केवळ संदेश पाठविणारे चार, एक निवृत्त, दोन कक्षेत न पोहोचलेले. चार म्हणजे गणित सुटण्यास लागतात तेवढेच, एकही जास्त नाही. अखंड सेवेचे वचन कागदावर देणे सोपे असते. ते पाळण्यासाठी वर सुटे उपग्रह हवेत, आणि ते वेळेवर हवेत. याबाबत दिरंगाई झाली आहे, हे सरकारी मासिकातही सांगितले पाहिजे.

पण ते ‘केवळ संदेश पाठविणारे चार’ काय करतात? घड्याळ गेले की उपग्रह स्थान सांगण्यास निरुपयोगी होतो. त्याचा आवाज मात्र शाबूत राहू शकतो. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ उठले, तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या शेकडो नौका खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेले की फोन मुका होतो. इशारा निघाला होता, पण ऐकणारे कान टप्प्याबाहेर होते. अनेक मच्छीमार परतले नाहीत. वाऱ्याने रेटलेल्या ६८ नौका मात्र ९५२ माणसांसह आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडच्या बंदरात त्या वेळी मल्याळी आणि तमिळ बोल ऐकू येत होते. त्यानंतर वादळाचे, उंच लाटांचे आणि माशांच्या थव्यांचे संदेश उपग्रहांवरून थेट नौकेपर्यंत धाडण्याची सोय करण्यात आली.

हे संदेश एकेरी असतात. नौकेला उलट हाक देता येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एका नव्या योजनेचा प्रारंभ झाला. किनारपट्टीच्या राज्यांतील यांत्रिक नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख संदेश-यंत्रे विनामूल्य बसवावयाची आहेत, आणि त्यांतून संकटात सापडलेल्या तांडेलाला किनाऱ्याशी बोलता येते. आपल्या घरातील कोणी दर्यावर जात असेल, तर गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत आपल्या नौकेची पाळी केव्हा आहे, याची चौकशी अवश्य करावी. आणि यंत्र बसले असेल, तर ते हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी एकदा चालवून पाहावे.