दार लोटलं की लावलं?

'फॅन क्लोज कर ना!' मराठी घरातलं, इंग्रजी शाळेत जाणारं पोर असं बिनदिक्कत म्हणतं. त्याला हसू नये. चूक आपल्या 'बंद'च्या ऐसपैसपणाची. दार बंद, पंखा बंद, रतीब बंद, बोलणं बंद, आणि दुकानांची शटरं भराभर खाली आली की महाराष्ट्र बंद. इंग्रजी क्लोजला मात्र फट लागते. उघड्या राहिलेल्या कडा जिथे जुळवता येतात, तिथे ते चालतं. पंख्याला ना तोंड ना झाकण, म्हणून तो 'स्विच ऑफ' करायचा. (कॅनडातल्या माँट्रियलमध्ये, फ्रेंचच्या शेजारामुळे, इंग्रजी बोलणारेही दिवे 'क्लोज' करतात. तेव्हा शरमायचं कारण नाही.)

दार क्लोजनेही लागतं आणि शटनेही. पण दोघांची कुळं निराळी. शट जुन्या इंग्रजीतलं, घरचं. त्याचा मूळ अर्थ अडसर सरकवणं. बंदुकीच्या गोळीचं शूट आणि मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा, म्हणजे शटल, ही त्याचीच भावंडं. तो अडसराचा खाडकन आवाज शटमध्ये अजून ऐकू येतो. कोंबून भरलेल्या बॅगेवर बसून ती 'शट' करावी लागते, आणि तोंड मिटायला लावणारं 'शट अप' तर शाळेत न शिकवताही येतं.

क्लोज आलं फ्रेंचमधून. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कचेरीत फ्रेंच बसली, आणि त्या ओघात असे शेकडो शब्द आले. मागे उभं आहे लॅटिन 'क्लाउदेरे'. कॉन्क्लूड, एक्स्क्लूड, क्लॉज, क्लॉझेट ही सगळी त्याचीच प्रजा. कचेरीतला तो रुबाब क्लोजने सोडलेला नाही. सभा, बँकेतलं खातं, चौकशीची फाइल, जमलेला सौदा ही सगळी क्लोज होतात. तिथे शट म्हटलं तर इंग्रज भुवया उंचावेल. क्लोज म्हणजे भिंतीआडची बंदिस्त जागाही. सॉल्झबरीच्या कॅथेड्रलभोवतीच्या वस्तीला 'क्लोज' म्हणतात आणि तिच्या वेशी आजही रोज रात्री कुलपबंद होतात. फट उरली नाही की दोन वस्तू चिकटतात, म्हणून 'जवळचा' म्हणजेही क्लोज. फक्त तिथे शेवटचा 'झ' 'स' होतो. मराठी लिपीत दोन्हींना आपण 'क्लोज' लिहून मोकळे होतो.

शब्दांचा हा काटेकोरपणा कोणाच्या पोटावर येतो, ते मुंबईच्या गिरणगावाने पाहिलं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालकाने कारखान्याला तात्पुरतं टाळं ठोकलं, काम थांबवलं किंवा कामगारांना कामावर ठेवायला नकार दिला, तर तो 'लॉकआउट'. कारखाना कायमचा बंद, तर 'क्लोजर'. ही व्याख्या १९८२च्या दुरुस्तीने घातली. त्याच वर्षी १८ जानेवारीला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला होता. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कायद्याच्या कागदावर तात्पुरतं आणि कायमचं यांत स्वच्छ रेघ आहे. चाळीत बसून भोंग्याची वाट पाहणाऱ्याला ती रेघ कशी दिसणार? त्याच्या लेखी गिरणी 'बंद' होती, एवढंच.

मराठीत लॉकआउटला 'टाळेबंदी' म्हणत. २०२०च्या मार्चमध्ये तोच शब्द वर्तमानपत्रांनी लॉकडाउनला दिला. लॉकडाउन मुळात अमेरिकी तुरुंगांतलं, कैद्यांना कोठडीत डांबण्याचं. म्हणजे एक शब्द माणसांना बाहेर ठेवणारा, दुसरा आत कोंडणारा, आणि टाळं दोन्हींना एकच.

यावरून मराठी गरीब ठरत नाही. आपण डोळे मिटतो, मूठ आवळतो, डबा झाकतो, दिवा मालवतो आणि दुकान चक्क 'वाढवतो', कारण तिन्हीसांजेला बंद हा शब्द नको. दाराचे तर प्रकारच आहेत. ओढून घेतलेलं, लावलेलं, कडी घातलेलं. आणि लोटलेलं, म्हणजे कोणीतरी अजून यायचं आहे. हे इंग्रजीत कसं सांगायचं म्हणून मी बराच काळ अडलो होतो. उत्तर निघालं 'पुश द डोअर टू'. क्लोज नाही, शट नाही. सगळं काम शेवटचं इवलंसं 'टू' करतं.