दिल्लीची जुनी फॉर्च्युनर स्वस्तात मिळते, पण पहिल्या वर्षाचा खर्च धरला का?

संग्रामपूर : कापसाचे, संत्र्याचे पैसे हातात आले की आपल्या भागात दोन चौकश्या सुरू होतात. एक ट्रॅक्टरची अन् दुसरी मोठ्या गाडीची. नवी फॉर्च्युनर घ्यायची तर ३५-४० लाखांच्या पुढे जावं लागतं, तेवढ्यात एक-दोन एकर बागायती येते. मग मोबाईलवर फोटो येतो : पांढरी फॉर्च्युनर, २०१२-१३ चं मॉडेल, दिल्ली पासिंग, किंमत नव्या छोट्या गाडीएवढी. माणूस तिथंच फसतो. फसतो म्हणजे गाडी वाईट असते असं नाही. गाडी जुनी झाली म्हणून तिची किंमत उतरते, पण तिच्या सामानाची किंमत उतरत नाही. ते नव्या गाडीच्याच भावानं घ्यावं लागतं.

आमच्या गावातल्या एका शेतकरी भावानं अशीच एक मोठी डिझेल गाडी आणली. कंपनीचं नाव घेत नाही. सहा महिने लग्नकार्यात, शेगावच्या वारीत मिरवली. मग काळा धूर सुरू झाला, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला लागली. आता ती निंबाखाली उभी आहे आणि भाऊ मोटारसायकलवर वावरात जातात. इंजिनाच्या कामाचा आकडा ऐकून त्यांनी सोयाबीन विकायचं थांबवलं, भाव वाढायची वाट पाहत आहेत.

या गाड्या दिल्लीहूनच का येतात? २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. पुढं त्यात सवलतीही आल्या, पण तिकडच्या मालकाला दहावं वर्ष जवळ आलं की गाडी काढून टाकायची घाई झाली ती झालीच. म्हणून तिकडं भाव पडतो. यात लबाडी नाही. लबाडी होते ती मीटरमध्ये. दहा वर्षांची डिझेल गाडी फक्त ६०-७० हजार किलोमीटर चालली म्हणून कोणी सांगत असेल, तर ब्रेकचं पायडल, स्टेअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हरच्या सीटची कड पाहा. गुळगुळीत झालं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. गाडी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या सर्व्हिसची नोंद काढता येते का, ते मालकाला सोबत घेऊन पाहा.

आता खर्चाकडं येऊ. खाली दिलेले आकडे अकोला-खामगावकडच्या गॅरेजमधल्या विचारपुशीचे, अंदाजे आहेत. गाडीनुसार कमी-जास्त होतील.

भारतात २००९ ला आलेल्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये ३ लिटरचं डिझेल इंजिन आहे. इंजिन दणकट, यात वाद नाही. पण त्यात टायमिंग बेल्ट आहे आणि तो साधारण दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. बेल्ट तुटला तर इंजिनाच्या आत मोडतोड होते. आधीच्या मालकानं बदलला की नाही याचं बिल मागा. बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. दुसरी दुखणी इंजेक्टरची. इंजेक्टरखालचं तांब्याचं वायसर लीक झालं की जळका गॅस ऑइलमध्ये मिसळतो, काजळी तळाच्या चेंबरमध्ये बसते आणि ऑइल ओढणारी जाळी चोंदते. ऑइलचा दाब कमी झाला की इंजिन बसलंच समजा. वायसरचं काम स्वस्तात होतं. पण इंजेक्टरच गेला तर नवा एक २५-३० हजारांच्या घरात जातो, असे चार असतात. टर्बो गेला तर लाखाच्या आसपास. टायर एक १२ ते १८ हजारांचा, म्हणजे चारचे अर्धा लाख सहज. दुसऱ्या पिढीत, २०१६ नंतरच्या गाडीत, बेल्टऐवजी चेन आहे, तेवढी एक काळजी कमी.

एंडेव्हर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. सामान आणि सर्व्हिस देऊ असं कंपनीनं सांगितलं होतं, पण आपल्या तालुक्यातून जवळच्या सेंटरला किती अंतर पडतं ते आधी मोजा. ऑडी, मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांत काहींना हवेचं सस्पेन्शन असतं. रात्री उभी केली अन् सकाळी एका बाजूला बसलेली दिसली, तर हवा गळतेय. तिचा एकेक भाग लाखाच्या आसपास जातो अन् मिस्त्री पुण्या-मुंबईकडं शोधावा लागतो. त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचे दोन शत्रू वेगळेच आहेत. एक उंदीर. गाडी कडब्याजवळ, गोठ्याजवळ उभी राहते, उंदीर वायरिंग कुरतडतो. मोठ्या गाडीची वायरिंग दुरुस्त करणं हा साध्या इलेक्ट्रिशियनचा खेळ नाही. दुसरं पाणी. पूर्णेकडच्या खारपाण पट्ट्यात खाऱ्या पाण्यानं गाडी धुतली की खालचा पत्रा गंजतो. त्यावर काळ्या मातीचा थर. म्हणून गाडी घेताना लिफ्टवर चढवून खालून बघा. जुलै २०२३ ला आपल्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागात पाणी घुसलं तेव्हा बऱ्याच गाड्या बुडाल्या. कुठलीही गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला गाळाचे डाग आहेत का ते पाहा, मॅटखालचा गालिचा उचला, वास घ्या.

आता कागद. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथं नव्यानं नंबर घ्यावा लागतो, आपला म्हणजे एमएच २८, आणि रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो किंमत ठरवतानाच धरा. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे पुढंच उभं आहे.

एजंट म्हणतो, 'कागदं नंतर होतात भाऊ, आधी टोकन टाका.' एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग, वय, विम्याची मुदत दिसते, ई-चलानही तपासता येतं. थकलेलं चलान जुन्या मालकाकडूनच भरून घ्या. आणि गाडी बघायला जाताना गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री नेऊ नका, स्कॅनर असलेला माणूस न्या. त्याचे दीड-दोन हजार जातील. थंड इंजिनवर गाडी सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.