आधी बोट, मग मोटार

लंडनच्या टॉवर ब्रिजवर (१८९४) पहिला मान बोटीचा. डोलकाठी नऊ मीटरच्या पुढे असेल तर २४ तास आधी कळवायचं. पूल फुकट उघडून मिळतो. सिग्नल लाल होतो, फाटकं लागतात आणि हजार टनांहून जड असा एकेक पंख रस्त्यासकट वर जातो. वर्षाला सुमारे ८०० वेळा!

१९५२ मध्ये पूल उचलला जात असताना ७८ नंबरची बस वरच होती. ड्रायव्हर आल्बर्ट गंटरने ब्रेक न मारता वेग वाढवला आणि बस पलीकडच्या पंखावर उडवली. धन्य त्याची! १९९७ मध्ये एका शिडाच्या बोटीसाठी पूल उघडला आणि खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांचा ताफा मधोमध तुटला.

उघडण्याच्या वेळा आधीच जाहीर होतात. टॅक्सी करण्यापूर्वी बघून घ्या.